सुधीरच्या बाल्कनीतलं बॉइल

दुबईहून आल्यापासून जो भेटतो तो सोन्याचा भाव विचारतो. सोनं झालं की जगातली सगळ्यात उंच इमारत, ती झाली की वाळवंटातले उंट. उंट मी पाहिलाच नाही. इमारत गाडीच्या काचेतून पाहिली, मान अवघडली, म्हणून खाली घातली. आणि सोनं घ्यायला मी गेले नव्हते. वसईच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून नुकती निवृत्त झालेली बाई मी. धाकट्या भावाने तिकीट पाठवलं म्हणून गेले. आता आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी प्रवासवर्णन लिहा असा तगादा लागला आहे, तर लिहिते. ज्यांना तिकडच्या रोषणाईचं वाचायचं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. माझ्या मनात त्या दोन आठवड्यांतलं एक जेवण राहिलं आहे, आणि त्याची चव काही चांगली नाही.

जुमेरा लेक टॉवर्स

माझा भाऊ सुधीर तिथे एका बांधकाम कंपनीत होता. इमारतीला खर्च किती येईल याचे अंदाज काढणाऱ्या विभागाचा तो प्रमुख. राहायचा जुमेरा लेक टॉवर्समध्ये, विसाव्या मजल्याच्याही वर. नावात तळं आहे आणि खाली खरंच तळं आहे, पण ते खणून त्यात पाणी सोडलेलं. सुधीरची बायको मेधा मला मोठ्या कौतुकाने बाल्कनीत घेऊन गेली. समोर अर्धवट इमारती आणि त्यांच्या डोक्यावर क्रेन. मी होते तेवढ्या दिवसांत त्यातली एकही क्रेन हललेली मी पाहिली नाही.

हे २००९च्या मार्चमधलं. जगभर बँका कोसळताहेत, लोकांच्या नोकऱ्या जाताहेत, हे मी इथे चहा पिता पिता पेपरात वाचलं होतं. तिथे ते लिफ्टमध्ये भेटायचं. रोज कुणाचा तरी सोफा खाली चाललेला, कुणाची तरी खोकी. मेधा प्रत्येकाला विचारायची, कार्गोने पाठवताय का? आणि लोक सोसायटीच्या सभेची वेळ सांगावी तसे सांगायचे की हो, पुण्याला, पुढच्या आठवड्यात.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक अ‍ॅल्युमिनियमचं अवाढव्य पातेलं होतं, आत तसलीच मोठी जाळी. आमच्याकडे लग्नात पाणी तापवायला एवढं भांडं काढतात. कशाला म्हणून विचारलं तर माझी भाची ईशा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आत्या, इट्स फॉर द बॉइल." मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणं हा तिकडच्या मुलांचा रिवाज आहे. मी शाळेत असते तर बाकावर उभी केली असती.

मग मेधाने सांगितलं. सुधीरचा मोठा साहेब अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, लुइझियानाचा. तिकडे समुद्रकाठी म्हणे अशी पद्धत आहे. पातेलंभर पाणी, त्यात मूठमूठ मीठ, लिंबं, लसूण आणि लाल मसाला. पाण्याला उकळी फुटली की बटाटे, मग मक्याची कणसं, मग खेकडे आणि सगळ्यात शेवटी कोलंबी. पाणी काढून टाकायचं आणि लांब टेबलावर पेपर अंथरून सगळा ढीग त्यावर ओतायचा. ताटं नाहीत, चमचे नाहीत. सगळ्यांनी भोवती उभं राहायचं आणि हाताने खायचं. साहेब दर वर्षी उन्हाळ्याच्या आधी स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर अख्ख्या विभागाला असं जेवण घालायचा. कामं थांबली तेव्हा पहिला तोच मायदेशी गेला आणि जाताना पातेलं आणि गॅसची शेगडी सुधीरला देऊन गेला.

वाटण नाही, कोकम नाही, फोडणी नाही, हे ऐकूनच माझं तोंड वाकडं झालं. कोलंबीला असं पाण्यात उकडणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे, असं मी बोलूनही दाखवलं. सुधीर हसला. म्हणाला, येत्या शुक्रवारी घरीच बॉइल ठेवलंय, अख्खा विभाग येईल. विभागातले निम्मे लोक कमी झाले होते, त्यांचा निरोप. मला बरं वाटलं. भावाला माणुसकी आहे म्हणायची, असं मी मनात म्हटलं.

अबुधाबी

दुसऱ्या दिवशी सुधीरला एका सरकारी कामासाठी अबुधाबीला जायचं होतं, मला बरोबर घेतलं. तो कचेरीत गेला आणि मी समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्यावर फिरले. स्वच्छता इतकी की चालताना संकोच वाटतो. समुद्राला वास नाही. वसईचा समुद्र अर्ध्या मैलावरून ओळखू येतो, सुक्या बोंबलासकट. हा समुद्र आंघोळ करून बसल्यासारखा होता.

 परतताना सुधीर म्हणाला, विन्सेंटलाही काढलं.

विन्सेंट कोण ते सांगायला हवं. तो माझा विद्यार्थी, आमच्या वसईचाच, ख्रिस्ती घरातला. वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि अक्षर मोत्यासारखं काढायचा. सुधीरला दुबईची पहिली नोकरी लागली तेव्हा त्याला तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. विन्सेंट आधीपासून तिकडे होता. मीच त्याला कळवलं, माझा भाऊ येतोय, जरा बघ. विन्सेंटने त्याला शारजातल्या आपल्या खोलीत ठेवून घेतलं. चार दिवसांसाठी गेलेला सुधीर लग्न होईपर्यंत, सहा वर्षं, तिथेच राहिला. पुढे या कंपनीत सुधीरचा अर्ज नेऊन देणाराही विन्सेंटच. सुधीर वर चढत गेला, विन्सेंट त्याच्या हाताखाली आला, आणि त्याबद्दल त्याने कधी तोंड वाकडं केल्याचं मी ऐकलं नाही.

कुणी काढलं, मी विचारलं. कंपनीनं, तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. वर्गात मी हेच करायचे. पोरं आपोआप बोलतात.

"एचआरनं प्रत्येक डिपार्टमेंट हेडकडून नावं मागितली, ताई. मी पहिलं नाव विन्सेंटचं टाकलं. नाहीतर बाकीचे म्हणाले असते, बघा, रूममेटला वाचवला. माझ्यावर कुणी बोट ठेवायला नको होतं."

वर्गाचा मॉनिटर फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो. एखादा मॉनिटर बाईंनी आपल्याला प्रामाणिक म्हणावं म्हणून सगळ्यात आधी जिवलग मित्राचंच नाव लिहितो. असा मॉनिटर मी दुसऱ्या दिवशी बदलत असे. सुधीरला मी हे तिथल्या तिथे सांगितलं.  मला त्याचा इतका राग आला होता की बाहेर काय वाळवंट दिसलं ते मला आठवत नाही.

मग त्याने मुद्द्याची गोष्ट काढली. ते कळल्यापासून विन्सेंट त्याचा फोन उचलत नव्हता. आता काही दिवसांत तो कायमचा परत जाणार. जाण्याआधी त्याने एकदा सुधीरच्या घरी जेवून जावं, एवढंच सुधीरला हवं होतं. बाकीचे आले काय, न आले काय.

"तू बोलावलंस तर तो नाही म्हणणार नाही, ताई."

तिकीट का आलं ते मला तेव्हा कळलं. बहिणीला दुबई दाखवायची हौस नव्हती ती.

शारजा

तरी मी गेले. भावासाठी गेले असं म्हणवत नाही. विन्सेंटला भेटायचं होतं.

शारजाचा रस्ता म्हणजे गाड्यांची न संपणारी रांग. घरभाडं तिथे कमी, म्हणून दुबईत काम करणारे निम्मे लोक तिथे राहतात आणि उरलेलं आयुष्य या रांगेत काढतात. सुधीर गाडीतच बसून राहिला. वर एकटी मी.

विन्सेंटने दार उघडलं आणि वर्गात उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला. केस पांढरे झालेले. बायकोमुलं आधीच वसईला पोचली होती, पोरांना अर्ध्या वर्षात शाळा बदलावी लागली होती. खोलीत बांधलेली खोकी. त्याने एका खोक्यावर चादर घालून मला बसवलं, स्वतः चहा केला, मुख्याध्यापिका आता कोण आहेत ते विचारलं. सुधीरचं नाव त्याने काढलं नाही. मी आमंत्रण दिलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. सुधीरची गाडी तिथून दिसत असावी.

"तुम्ही बोलावलंत तर येणारच, बाई," तो म्हणाला.

स्वयंपाक कोण करणार म्हणून त्याने विचारलं. सुधीर, असं सांगितल्यावर पहिल्यांदा हसला. सुधीर कोलंबीचं रबर करतो म्हणाला. दर वर्षी साहेबाच्या पातेल्याशी आपणच उभे असायचो, शुक्रवारी आपणच येऊन सगळं करू. ते हसू बघून माझा जीव भांड्यात पडला. खाली येऊन मी सुधीरला सांगितलं तर त्याने डोळे पुसले. मीही थोडी विरघळले. भाऊ शेवटी भाऊ असतो.

देरा

गुरुवारी संध्याकाळी आम्ही देऱ्याच्या मासळी बाजारात गेलो. आपल्याकडे मासे विकणार त्या कोळणी, आणि त्यांच्याशी भांडल्याशिवाय खरेदी झाल्यासारखी वाटत नाही. इथे सगळे पुरुष, बहुतेक मल्याळी नाहीतर बंगाली, आणि भांडण हिंदीत. विकणारा साफ करत नाही. साफ करणारे वेगळे, त्यांच्याकडे मासळी घेऊन वेगळ्या रांगेत उभं राहायचं. कोलंबी ओमानची, बोटापेक्षा लांब. चाळीस दिरहम किलो, म्हणजे साडेपाचशे रुपये, असं मेधा मोठ्याने म्हणाली आणि तरी टोपलीभर घेतली. निळसर पायांचे खेकडे घेतले. दुकानदार म्हणाला, "यल्ला, चलो भाभी, पूरा ले जाओ, आजकल गिऱ्हाईक किधर है."

सुधीर प्रत्येक कोलंबी उचलून, वास घेऊन पारखत होता. विन्सेंटला मोठी आवडते, असं दोनदा म्हणाला. लग्नाच्या बाजारहाटातही एवढा जीव त्याने लावला नव्हता.

शुक्रवार

तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. विन्सेंट सकाळीच आला, बाह्या सरसावल्या आणि कामाला लागला. सुधीरला त्याने बटाटे धुवायला दिले, मला लसूण. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते: मीठ दे, झाकण काढ, सरक. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

पातेलं घरातल्या गॅसवर मावेना. बाल्कनीत साहेबाची शेगडी पेटवली. पाण्याला उकळी फुटली आणि मसाल्याचा असा खकाणा उडाला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी तक्रार केली. इमारतीचा रखवालदार, पेशावरकडचा एक म्हातारा, दारात येऊन उभा राहिला. "साब, बालकनी में चूल्हा अलाउ नहीं है." सुधीर त्याच्याशी नियमावर बोलायला लागला. विन्सेंटने त्याला बाजूला केलं, रखवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, चाचा, आधा घंटा, फिर खलास, मैं तो वैसे भी जा रहा हूँ. रखवालदार निमूट परत गेला. पुढचा अर्धा तास सुधीर कणसंच सोलत बसला.

दुपारच्या नमाजानंतर माणसं यायला लागली. वीसेक असतील. काढलेले बाल्कनीच्या बाजूला उभे राहिले आणि राहिलेले दिवाणखान्यात, असं कुणी सांगितलं नव्हतं, तसं झालं. बोलणं शाळेच्या दाखल्यांचं, कार्गोचं, भारतातल्या उन्हाचं. टेबल जोडून पेपर अंथरले होते. घरातल्या रद्दीत बातम्यांपेक्षा जागेच्या जाहिरातींची जुनी पानंच जास्त होती. निळ्या आकाशातल्या चकचकीत इमारतींवर विन्सेंटने तो लाल, वाफाळता ढीग ओतला.

आणि कुणी हात घालेना. साहेबाच्या हिरवळीवर हे लोक बेधडक खात असतील, पण इथे बायकामुलं होती, घरचं वातावरण होतं, आणि एका ढिगात वीस हात म्हणजे उष्टं. एका बाईंनी हळूच डिश मागितली. दुसऱ्यांनी पळी मागितली. मेधा ताटं काढायला धावली. मला तिथे हसू आलं आणि मीच पुढे होऊन ढिगात हात घातला. आयुष्यभर मी उष्ट्याचा बाऊ केला आहे, पण कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. कोलंबी सोलली, तोंडात टाकली. माझं आधीचं म्हणणं मी परत घेते. कोलंबी अशी गोड लागते हे मला साठाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आपण तिला मसाल्याखाली दाबून टाकतो.

मग लोक तुटून पडले. खेकड्याच्या नांग्या फुटायला लागल्या. बाल्कनीतले आत आले. विन्सेंट सगळ्यांना वाढत होता, ईशाला कोलंबी सोलून देत होता, कुणाला लिंबू, कुणाला कणीस. सुधीर त्याच्याभोवती घुटमळत होता. शेवटी सुधीरने ढिगातल्या सगळ्यात मोठ्या दोन कोलंब्या उचलल्या, स्वतः सोलल्या आणि सगळ्यांसमोर त्याच्यापुढे धरल्या.

"तू खा ना आता," सुधीर म्हणाला.

"माझा उपास आहे," विन्सेंट म्हणाला. "चाळीस दिवसांचा चालू आहे ना. आज शुक्रवार."

"अरे हो," सुधीर म्हणाला. "विसरलोच मी. मेधा, विन्सेंटला केळं दे. दूध दे."

मंडळींनी माना डोलावल्या. उपास ही गोष्ट आपल्या लोकांना चटकन पटते. आपल्याकडे उपास म्हणजे मासळी बंद, तसाच त्यांचाही असणार. काम करणाऱ्यालाच खाता येऊ नये, अरेरे, असं कुणीसं म्हणालं आणि पुन्हा खेकड्याकडे वळलं.

पण मी वसईत तीस वर्षं काढली आहेत. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस आमच्या शिक्षक खोलीत दर वर्षी यायचे. त्यातल्या शुक्रवारी माझ्या ख्रिस्ती मैत्रिणी मटण, कोंबडी वर्ज्य करत आणि डब्यात हटकून मासळी आणत. सगळी खोली कोलंबीने घमघमायची. त्या दिवशी मासळीला बंदी नसते; त्या दिवशी मासळीच असते.

तो हात धुवायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा मी मागोमाग गेले. केळं त्याने ओट्यावर तसंच ठेवलं होतं. पाणीसुद्धा तो पिशवीतल्या आपल्या बाटलीतलं प्यायला.

"विन्सेंट, शुक्रवारी मासळी चालते तुमच्यात."

तो जराही गडबडला नाही. "चालते, बाई," म्हणाला. नळ बंद केला, हात पुसले. "तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. सगळ्यांना पोटभर वाढलं. आता मला जाऊ द्या."

 माझ्या शब्दाला मान म्हणून त्याने पातेलं उकळलं होतं, पण या घरात घास घेणं त्याच्या मनाला जमणार नव्हतं, आणि ते त्याने चारचौघांत कुणाचा अपमान न करता पार पाडलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला आणि माझ्या रक्ताच्या भावाची लाज वाटली. दारात त्याने सुधीरशी हात मिळवला. सुधीरने त्याला मिठी मारली. विन्सेंटचे हात बाजूला लोंबत राहिले.

परत

माझं विमान त्याच आठवड्यात होतं. सुधीर मला सोडायला आला. रस्त्याकडेला धुळीने माखलेल्या गाड्या उभ्या होत्या. मालक त्या सोडून देशाबाहेर निघून गेलेत असं तो म्हणाला. त्याचंही नाव त्याच पावसाळ्यात यादीत निघालं आणि आता तो ठाण्यात भाड्याच्या जागेत आहे, पण तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हतं. तो मोकळा मोकळा बोलत होता. बॉइल किती छान झालं, लोकांनी फोन करून करून कसं सांगितलं. आणि विन्सेंट.

"माणूस बघ, ताई. उपास असून एवढं सगळं केलं. मनात काही ठेवलं नाही त्यानं."

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. त्याचं समाधान मोडून मला काय मिळणार होतं? पण जन्मभराची खोड आहे. चुकीचं उत्तर कानावर पडलं की मला राहवत नाही.

"शुक्रवारी ते मटण-कोंबडी सोडतात, सुधीर," मी म्हटलं. "मासळी खातात."

त्याने लेन बदलली. पुढच्या गाडीला वाट दिली.

"माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "सहा वर्षं त्या शुक्रवारांचे बांगडे मीच आणायचो. त्यानं घास नाही घेतला तरी लोकांना उपासच वाटावा, म्हणून तर शुक्रवार धरला होता."

 विमानतळावर त्याने सामान ट्रॉलीवर चढवलं आणि नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला. आई गेल्यापासून त्याला सुखी राहा म्हणायचं काम माझंच आहे. तो वाकलेलाच होता, वाट बघत. मी ट्रॉली ढकलत आत गेले.